जर्मनची होडी घेऊन तापीकाठी

आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला अजूनही जर्मनचं पातेलं म्हणतात. त्यामुळे १२ फुटी होडी छोट्या हत्तीवर दोरखंडाने बांधून धुळ्याहून निघालो, तेव्हा दोंडाईच्याच्या टपरीवर चहावाल्या बाबांनी विचारलं, "हाई होडी जर्मननी शे का?" हो म्हटलं. लगेच पुढचा प्रश्न, "कितलामा लिधी?" त्याचं उत्तर मी चहात बुडवून गिळलं.

होडी सेकंडहँड. पक्षी बघायला म्हणून आम्ही तिघांनी वर्गणी काढून घेतलेली. विकणाऱ्याने वरून चांदीसारखा रंग मारून दिला होता आणि आम्ही त्या चमकेवरच भाळलो. दिवाळीनंतर सारंगखेड्याच्या बॅरेजच्या पाण्यात पहिल्यांदा उतरवली. अर्ध्या तासात पायातली चप्पल तरंगायला लागली. दुर्बीण एका हातात आणि डबडं दुसऱ्या हातात धरून पक्षी दिसत नाहीत, हे तेव्हा कळलं.

म्हणून हा प्रवास. मित्राच्या मामांची शेती प्रकाशाजवळ, तापीला लागून. त्यांच्याकडे अशीच रिव्हेटची, म्हणजे पत्रे खिळ्यांसारख्या रिव्हेटनी जोडलेली होडी आठ वर्षांपासून आहे. ते काही मासेमारी करत नाहीत. नदीवर मोटर बसवलेली, फुटवॉलमध्ये, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाच्या झडपेत, कचरा अडकला की पाण्यात जावं लागतं, त्यासाठी होडी.

प्रकाशाला पोचलो तेव्हा केदारेश्वराच्या घाटावर बरीच गर्दी होती. तापी आणि गोमाईचा संगम, दक्षिण काशी म्हणतात ती हीच. दर्शन बाहेरूनच घेतलं, कारण मामांचे तीन फोन येऊन गेले होते.

मामांनी आमची होडी पाण्यात उतरवूच दिली नाही. "आधी पाणी आत भर, मग होडी पाण्यात टाक." मोटरीचा पाइप लावला. दोन ठोकळ्यांवर होडी ठेवली. "वीतभरच भर, नाहीतर बुडाला बाक येईल." मग आम्ही दोघं खडू घेऊन तिच्याखाली आडवे झालो. पाच मिनिटं काहीच नाही. मग मधल्या सांध्यावर एका रिव्हेटच्या टोपीखाली थेंब फुगला, लोंबला, माझ्या कपाळावर पडला. खडूने गोल. मग दुसरा. एकूण अकरा गोल झाले, आणि गंमत म्हणजे पत्र्यात एकही नाही. सगळे सांध्यावर.

त्यातले सात तर पॉप रिव्हेट निघाले. खिडक्यांच्या कामात वापरतात तेच. मूळचे भरीव रिव्हेट ढिले झाल्यावर कुणीतरी ते काढून हे ठोकले होते आणि वर सिलिकॉन चोपडलं होतं. पॉप रिव्हेट मधून पोकळ. तिथे पाण्याला वाट आयतीच. वर त्याच्या पोटात लोखंडी खिळ्याचं टोक राहतं, ते गंजतं. उरलेले चार मूळचेच भरीव, नुसते ढिले झालेले. ते मामांनी तिथल्या तिथे ठोकून घट्ट केले. मी आतून घण टेकवून धरला, त्यांनी बाहेरून हातोडीने हलकेच ठोकलं. चारही बंद.

आता मामांच्या होडीकडे. मी आत वाकून बघितलं तर तळाला पांढरट ठिपके, नखाने खरवडले की पीठ निघायचं आणि खाली मोहरीएवढा खड्डा. मामा जरा ओशाळले. त्यांचा पपईचा बाग आहे, बुंधे सडतात म्हणून बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, ओततात. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवायचं नाही, प्लास्टिकचाच ड्रम घ्यायचा, हे त्यांना पाठ. पण नदीपलीकडच्या तुकड्यावर तोच ड्रम होडीतून न्यायचे आणि हिंदकळून सांडायचा. मोरचूदातलं तांबं पत्र्यावर बसतं आणि ओल मिळाली की त्या ठिपक्याभोवतीचा पत्रा खाऊन टाकतं. वर चुना, तोही अ‍ॅल्युमिनियमला सोसत नाही. "कंपनीला शिव्या घातल्या दोन वर्षं," मामा म्हणाले, "मग कळलं, गाढव मीच."

दुसऱ्या दिवशी नंदुरबारवरून नवापूरकडे. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या. काच वर करूनही शिंका थांबेनात. नवापूर तालुक्यात उकाई धरणाचं मागचं पाणी येतं. धरण गुजरातेत, १९७२ साली पूर्ण झालेलं, फुगवटा मात्र आपल्याकडेही.

तिथे दोघे भाऊ मासेमारी करतात. त्यांची होडी वेल्डिंगची, पत्रा ३ मिलिमीटर. पहिल्यांदा ऐकलं ते हेच, "होडी नही, ढोल शे." वल्हं आपटलं की आवाज काठापर्यंत. म्हणून तळाला गोणपाट अंथरतात. मामांकडून शहाणा होऊन मी विचारलं, ओलं गोणपाट पत्र्याला चिकटून राहतं त्याचं काय? थोरला म्हणाला, रोज संध्याकाळी काढून वाळत घालतो. बरोबर बांधावर टाकलेलंच होतं.

त्यांची तक्रार वेगळी. इंजिन टांगायच्या जागी चीर गेली होती, आणि ती वेल्डिंगमध्ये नव्हे, वेल्डिंगच्या अगदी शेजारी. तापलेला पत्रा तिथेच मऊ पडतो. चिरेच्या टोकाला छोटं भोक पाडलं की ती पुढे सरकत नाही, तेवढं करून त्यांनी आरगॉनवाल्याकडून, म्हणजे आरगॉन वायू वापरून अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग करणाऱ्याकडून, आतून पट्टी लावून घेतली. तोही सहज मिळाला नाही. पहिल्याने पत्राच वितळवून ठेवला. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० च्या पुढे. पापुद्रा नीट घासून काढला नाही तर वरून काहीच हलत नाही आणि आतून पाणी होतं.

एवढं होऊनही लोखंडी होडी का नाही, असं विचारलं. धाकट्याने नुसतं पाण्याकडे बोट केलं. उन्हाळ्यात पाणी लांब मागे सरतं, मध्ये गुडघाभर चिखल. ही होडी दोघं उचलून नेतात. लोखंडीला सहा माणसं लागायची.

घरी येऊन मी मागची फळी उघडली, जिच्यावर इंजिन बसतं ती. बाहेरून पत्रा, आत प्लायवूड. बोटाने ठोकलं तर खण्ण ऐवजी भद्द आवाज. स्क्रू काढले तर प्लायवूड भिजलेल्या भुशासारखं हातात आलं. बाकाखालचा फोम पिळला, अर्धी बादली पाणी निघालं. सुतार आला, माप घेतलं, म्हणाला, "साग टाकू या, पण हे नक्की काय आहे? पाळणा?"

सात भरीव रिव्हेट अजून मिळायचे आहेत. होडी तोवर अंगणात उलटी पडली आहे आणि तिच्यावर आईने कुरडया वाळत घातल्या आहेत.