सरांनी मोजलेले दिवे

अमृतमहोत्सवाचं पत्र मिळालं आणि त्याच संध्याकाळी लिहायला बसलो. पत्रात म्हटलं आहे, शाळेच्या आठवणी लिहा. आठवणी काय थोड्या आहेत! कौलांवरून वर्गाच्या दारात पडणाऱ्या पागोळ्या, विहिरीवरचा रहाट, शनिवारच्या सकाळच्या शाळेत बंदराकडून येणारा सुक्या मासळीचा वास. पण मला सरांबद्दलच लिहायचं आहे. आमच्या वेळी नुसतं 'सर' म्हटलं की कार्यानुभवाचे सर. बाकीच्यांच्या मागे आडनाव लावावं लागे, यांच्या मागे कधीच नाही.

प्रयोगशाळेमागची ती पत्र्याची खोली आठवत असेल सगळ्यांना. भिंतीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली डांबराने काढलेली त्या त्या हत्याराची आकृती. पटाशी, रंधा, कानस, गिरमिट, सांडशी. तास संपला की सर आमच्याकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. एक जरी आकृती उघडी दिसली तरी दार उघडायचं नाही. एकदा एका मुलाच्या दप्तरात चुकून बारीक कानस गेली, तेव्हा मधली सुट्टी संपेपर्यंत आम्ही अठ्ठावीस जण आत उभे होतो. सर रागावले नाहीत. तेही आमच्याबरोबर उभेच राहिले.

सरांचे वडील होड्या बांधणारे सुतार. त्यामुळे सरांच्या बोलण्यात पठाण (होडीचा तळाचा कणा), वाक (बरगड्या), नाळ (पुढचं टोक) हे शब्द असेच यायचे. कागदाचं साधं घर करायचं असलं तरी "आधी पठाण घाल, मग वाक उभे कर" असं सांगायचे. आम्हां मालवणच्या मुलांना ते लगेच कळे. सिंधुदुर्ग किल्ला समोर पाण्यात उभा, किनाऱ्यावर कलफात, म्हणजे फळ्यांच्या फटी बुजवणं, चाललेल्या होड्या उपड्या पडलेल्या. पुस्तकातली आकृती एरवी डोक्यावरून जायची, पण होडीशी जोडून सांगितली की पटायची.

१९७७ची गोष्ट. मी नववीत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी पाणबुडी करायचं ठरवलं. बाकीच्या शाळा ज्वालामुखी आणि पवनचक्क्या करत होत्या. सर म्हणाले, आपण समुद्राकाठचे, आपण पाण्याखालचं दाखवू. एकाहत्तरचं युद्ध आमच्या लक्षात होतं. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने दीवजवळच्या समुद्रात आपली युद्धनौका 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. सरांनी हे आम्हांला कार्यानुभवाच्या तासाला सांगितलं, हातातलं काम खाली ठेवून. मग म्हणाले, आपल्याकडेही पाणबुड्या आहेत, त्यांतल्या एकीचं नाव 'खांदेरी'. थळच्या समुद्रातल्या मराठ्यांच्या किल्ल्याचं नाव. आपली खांदेरी करू.

आतलं चित्र सरांनी एका जुन्या परदेशी मासिकातून मोठं करून काढलं होतं. त्यात सहा कप्पे होते. आम्ही चार फुटांची केली. बांबूच्या कामट्यांचे वाक, वरून पुठ्ठा, पुठ्ठ्यावर खळ लावलेलं कापड आणि त्यावर काळा तेलरंग. एक बाजू उघडी ठेवली, म्हणजे आतल्या खोल्या दिसाव्यात. प्रत्येक खोलीत टॉर्चचा एक बल्ब. सहाही बल्ब समांतर जोडणीत, कारण एकसरीत जोडले तर एक गेला की सगळा अंधार. हा फरक मला पुस्तकात तीन वर्षं कळला नव्हता, त्या एका दुपारी कळला.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी शेवटच्या कप्प्यातला बल्ब लागेना. हा शेपटीकडचा कप्पा, खलाशांच्या झोपायच्या फळ्यांचा. उघड्या बाजूने तो अर्धवटच दिसे. मी तारा हलवून पाहिल्या, दोनदा बल्ब बदलला. मग अंधार पडायला लागला, घरी जायची घाई झाली, आणि मी त्या कप्प्यावर काळा कागद चिकटवून टाकला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, इथे भिंतच आहे.

सर आले. वाकले. बटण दाबलं आणि बोटाने मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच. बोट सहाव्या जागी थांबलं. कागद नखाने सोलला. मी म्हटलं, "सर, तो कप्पा कोणाला दिसतच नाही."

सर एरवी आमच्याशी पुस्तकी बोलत. त्या दिवशी घरच्यासारखं बोलले. "दिसना नाय म्हणान करूचा नाय?"

तेवढंच. त्यात राग नव्हता, खरोखर विचारल्यासारखं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

आणि दिवे गेले. गावात तेव्हा वीज रोजच जायची. तारांना कथिलाचा डाग देऊन जोडायची विजेवरची डागणी बंद. सरांनी कंदील लावला, शेगडीत कोळसे पेटवले आणि तांब्याची जुनी डागणी निखाऱ्यांत खुपसली. कल्हईवाल्याकडे असते तशी, लाकडी मुठीची. ती तापली की नवसागराच्या वडीवर घासायची, पांढरा धूर नाकात जायचा, मग टोकाला कथिल धरायचं आणि दोन-चार सेकंदांत डाग द्यायचा, नाहीतर परत निखाऱ्यात. बिघाड सापडला तो बल्बात नव्हताच. तार आणि होल्डरच्या मध्ये डाग बसल्यासारखा दिसत होता, पण आतून सुटा होता. सरांनी तार ओढून दाखवली, ती अलगद हातात आली. "हा वरवरचा डाग. तार नीट खरवडली नव्हती." मग त्यांनी बाकीच्या पाच कप्प्यांतल्या ताराही एकेक ओढून पाहिल्या. आणखी दोन निघाल्या. तिन्ही मीच जोडल्या होत्या, आणि तिन्ही परत मीच जोडल्या. सर कंदील धरून बसले. साडेदहा वाजले असतील.

मला घरी सोडायला सर निघाले. त्यांनी टॉर्च उचलला, बटण दाबलं, लागेना. त्यातले सेल पाणबुडीत होते. त्या रात्री आम्ही दोघं तशाच अंधारात बंदराच्या रस्त्याने चाललो. सरांचा हात माझ्या खांद्यावर होता. गडगा कुठे संपतो, पायरी कुठे येते, हे ते आधीच सांगत होते. दारात आई चिंतेने उभी होती. सर तिला म्हणाले, "चूक माझी, उशीर मी केला."

प्रदर्शनात आमचं टेबल खांबाला लागून आलं. पाणबुडीची शेपटी नेमकी खांबाआड. परीक्षक आले, पुढचे तीन-चार कप्पे बघून मान डोलावून गेले. सहावा कोणीच पाहिला नाही. नंबर आला का, हे मला आज आठवतही नाही. सर मधूनमधून खांबामागे जाऊन येत होते, दिवा लागलेला आहे ना ते बघायला, हे मात्र आठवतं.

पुढे आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन झालो आणि मुंबईत जहाजबांधणीत लागलो. तीसेक वर्षं जहाजांत केबल ओढल्या. पाणबुडीवर काम करायचा योग आला नाही, सगळी वरचीच जहाजं. पण जिथे भिंतीमागे केबल जाते आणि वर पत्रा बसला की पुन्हा दिसणार नसते, तिथली प्रत्येक जोडणी मी ओढून पाहिली आहे. माझ्या हाताखालच्या पोरांना ही सवय लावली. त्यांना वाटायचं, ही यार्डाची पद्धत.

२०१६मध्ये मुदतीआधी निवृत्ती घेऊन गावी आलो. २०१८मध्ये मुलीकडे गेलो असताना विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाहिली. सोव्हिएत बनावटीची, १८ डिसेंबर १९६९ला नौदलात आलेली, २००१मध्ये निवृत्त झालेली. रामकृष्ण बीचवर वाळूत आणून २००२पासून तिचं संग्रहालय केलं आहे. सरांची खांदेरी आणि ही कुरसुरा एकाच जातीच्या, आपल्या नौदलातल्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकी. मी आत शिरलो. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला वाटोळं भोक, त्यातून पाय आधी टाकून वाकून जावं लागतं. मी मोजत गेलो. पुढे सहा नळ्यांची टॉर्पेडोची खोली, मग अधिकाऱ्यांची, मग पेरिस्कोपची, मग स्वयंपाकाची, तीन डिझेल इंजिनांची, मोटारींची. आणि त्याच्याही मागे आणखी एक! चार टॉर्पेडो नळ्या आणि दोन्ही बाजूंना खलाशांच्या झोपायच्या जागा. कप्पे सात निघाले. समुद्राकडे तोंड करून उभ्या उभ्या सरांना फोन केला.

"सात?" सर म्हणाले. "आमचो एक ऱ्हवलो."

मी म्हटलं, सर, आता सातही कप्प्यांची नवी खांदेरी पुरी करतो. दोन मीटरला थोडी कमी. सर खूश झाले. म्हणाले, "पुरी जाली की दाखय. अर्धी माका नको." हा तर त्यांचा जुनाच नियम. अर्धं काम बाकावर झाकून ठेवायचं, झाल्यावरच कापड काढायचं.

१:५० हे प्रमाण धरलं, कारण एका मीटरला दोन सेंटिमीटर, हिशेब तोंडी होतो. खरी ९१.३ मीटर लांब, म्हणजे माझी जवळजवळ १८३ सेंटिमीटर. रुंदी साडेसात मीटरची १५ सेंटिमीटर. माणूस साडेतीन सेंटिमीटरच्या आत. पठाण सागवानी, वाक मरीन प्लायचे, पाण्याचा दाब सोसणारं आतलं कवच पीव्हीसी पाइपचं, एक कूस उभी कापून. तीन पंखे पितळेचे कातून घेतले. एकेका झोपायच्या फळीवर चादरीची घडी आहे.

खरी गंमत उजेडाची. ९६ पांढरे एलईडी, तांदळाच्या दाण्याहून लहान. १२ व्होल्टवर तीन-तीनची एकसर, प्रत्येक सरीला ३३० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे सरीमागे नऊ मिलिअँपिअरच्या आसपास. वीसवर चालतात, पण मग पाणबुडी दुकानाच्या शोकेससारखी चकाकते. आत माणसं राहतात असं वाटायचं असेल तर उजेड कमीच हवा. ९६ दिव्यांना मिळून लागतो जेमतेम ३०० मिलिअँपिअर, म्हणजे १९७७च्या आमच्या एका टॉर्चच्या बल्बाएवढा. हे गणित सुटलं तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो होतो. पेरिस्कोपच्या खोलीत लाल दिव्यांची जोडणी वेगळी आहे. रात्री पाणबुडीत तिथे लाल उजेड ठेवतात, म्हणजे पेरिस्कोपला डोळा लावणाऱ्याची अंधाराला सरावलेली नजर मोडत नाही.

प्लास्टिकच्या पातळ भिंतींतून उजेड झिरपतो आणि अख्खी खोलीच कंदिलासारखी दिसते. म्हणून प्रत्येक भिंतीला आधी काळा हात, मग पांढरा. आणि आपली खारी हवा! पहिल्या पावसाळ्यातच डागांवर हिरवट कळंक चढला, दुसऱ्या कप्प्यातल्या चार सरी गेल्या. सगळा कप्पा उचकटून पुन्हा केला आणि प्रत्येक डागावर रंगहीन नेलपॉलिशचा थेंब सोडला. तेव्हापासून एकही गेलेला नाही.

या सगळ्याला सहा वर्षं लागली. २०२१च्या पावसात सर गेले. तेव्हा तीन कप्पे उजळत होते. सरांचं घर माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. मी दर पंधरवड्याला त्यांच्याकडे जायचो, चहा व्हायचा, ते विचारायचे, "खंयपर्यंत इली?" मी सांगायचो, आणि त्यांच्याच नियमाप्रमाणे दाखवायचो मात्र नाही. एक फोटोसुद्धा नाही. मोबाइलमध्ये चाळीस फोटो होते. सरांचा शब्द मी आयुष्यात इतका तंतोतंत पाळला नव्हता, आणि नेमका तिथे मोडायला हवा होता. हे मी घरी कोणाला बोललो नाही. इथे लिहितो, कारण हे वाचणारे सरांना ओळखतात.

पत्र्याची खोली आता नाही. तिथे संगणक कक्ष झाला, मुलांना तो हवाच. पण गेल्या वर्षी आलो तेव्हा त्या मागच्या भिंतीवर चुना मारलेला पाहिला. बोट फिरवलं, तर चुन्याखाली डांबराची कड लागली. पटाशीची असावी. कोणाला जमलं तर तेवढा तुकडा पुढच्या रंगकामात वाचवावा. आमची जुनी चार फुटी खांदेरी वाळवीने खाल्ली असं कळलं. बांबू आणि खळ, किती टिकणार. तांब्याची डागणी सरांच्या मुलाने मला दिली. सातव्या कप्प्यातला शेवटचा डाग मी तिनेच दिला, शेगडी पेटवून. एलईडीसाठी ती फार जाड आहे, म्हणून नुसती मुख्य तार.

महोत्सवाच्या प्रदर्शनात खांदेरी ठेवायची आहे असं समितीने कळवलं. आनंदाने आणतो. उचलायला दोघं जण लागतील, मधे धरू नये, दोन्ही टोकांच्या पट्ट्यांना धरावं. टेबल सव्वादोन मीटर तरी हवं. बटण बैठकीच्या डाव्या अंगाला आहे, मुलांनी दाबलं तरी चालेल, दाबू द्यावं. काच फक्त पुढच्या बाजूला आहे. आणि एक विनंती, टेबल सभागृहाच्या मधोमध लावा, खांबापासून दूर, म्हणजे शेपटीकडूनही फिरून बघता येईल.

— दहावी, १९७९, तुकडी ब