तुम्ही विचारलंत म्हणून: माणदेशातली बाई समुद्राच्या नादी कशी लागली?

ओहोटीला किनाऱ्यावरचे जीव दाखवायला मंडळींना घेऊन गिरगावच्या किंवा हाजी अलीच्या खडकांवर उतरलं, की थोड्या वेळानं कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही मूळच्या कोळी का?" नाही हो, मी म्हसवडकडची. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: मग हे खूळ डोक्यात शिरलं कुठून?

माझे काका गिरणीत होते, वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे. चौथीची परीक्षा संपली आणि मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे आलो. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकतच वाढलेली आमची पिढी. मे महिना म्हणजे विहिरीत उतरून तळाचं पाणी वाटीवाटीनं भरायचं. खाली गेलेलं पाणी पाऊस पडेपर्यंत वर येत नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

काकांनी बेत आखला होता तारापोरवाला मत्स्यालयाचा. 1951 साली सुरू झालेलं हे मत्स्यालय तेव्हा पाव्हण्यांना दाखवायच्या यादीत राणीच्या बागेच्या खालोखाल असायचं. त्याआधी सकाळी हाजी अली. दर्ग्यापर्यंत पायी गेलो. वाटेच्या दोन्ही अंगांना काळे खडक, त्यांच्या खळग्यांत साचलेलं पाणी. एका खळग्यात तपकिरी झालरीचं काहीतरी पसरलं होतं. बोट लावलं तर झटक्यात मिटलं, आणि उरला नुसता बुळबुळीत गोळा. ते समुद्रफूल, म्हणजे प्राणी, हे पुढे कॉलेजात कळलं. मत्स्यालयातलं मात्र आज गर्दी आणि काचा सोडून फारसं आठवत नाही.

दुपारी डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर बसून परत निघालो. हाजी अलीला बघते तर सकाळची वाट गायब! मी ओरडलेच, "काका, पाऊस कुठं पडला?" अख्खी बस हसली. कंडक्टर म्हणाला, "पोरी, हे रोज येतं. दोनदा येतं."

दोनदा! ना टँकर, ना देवाला साकडं. गावी परतल्यावर मैत्रिणींना सांगितलं तर एकीचाही विश्वास बसला नाही. पुढे प्राणिशास्त्र घेतलं, मुंबईतच शिकवायला लागले. नोकरीच्या सोयीचा भाग त्यात होताच, उगाच खोटं कशाला बोला.

पुस्तकांपेक्षा मला उपयोगी पडला तो कोळीवाड्यातला हिशेब: तिथीच्या पाऊणपट तास, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं मागंपुढं होतं, पण अदमास पक्का. त्याच्या साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी; पाणी फारसं हटतच नाही. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला, मात्र ओहोटीत खूप मागं जातं आणि प्रवाळंसुद्धा उघडी पडतात. हो, मुंबईत प्रवाळं आहेत, आणि वाघाला आहे तसंच 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण त्यांनाही आहे. म्हणून खडकावरून काही उचलू देत नाही मी. शंखसुद्धा नाही, त्यात बऱ्याचदा खेकडा राहत असतो.

आता "रविवारी अकराला ठेवा ना, सोयीचं पडेल" म्हणणाऱ्यांसाठी. त्या रविवारी पौर्णिमा असली, तर अकराला तिथे नुसतं पाणी दिसेल. पहाटे पाचला या. आणि मागं पट्टा असलेली सँडल घाला, शेवाळावर स्लीपर टिकत नाही.