सार न होणारा टोमॅटो

आईने फळ उभं चिरलं, आत बघितलं आणि म्हणाली, "अरे, ह्यात रस कुठाय? सार कशाचं करू?"

चार महिने बाल्कनीतल्या पिशवीत जपलेल्या वेलाच्या पहिल्या फळाला मिळालेली ही दाद. जात सान मार्झानो. लांबट, टोकाकडे निमुळतं, दुरून जाडी मिरचीच वाटावी असं फळ. आत कप्पे दोनच, बिया मोजक्या, बाकी सगळा गर. आईचं बरोबरच होतं. हा टोमॅटो पातळ करायचा नाहीच, आटवायचा. मुळात पाणी कमी, त्यामुळे सॉस लवकर दाट होतो आणि फार शिजवावा लागत नसल्याने चवही ताजी राहते.

त्याचं गाव सान मार्झानो सुल सार्नो, इटलीत नेपल्सजवळ. सार्नो ही तिथली नदी. साराशी ह्या टोमॅटोचा संबंध तेवढाच. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेची माती तिथे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून १७७० साली नेपल्सच्या राजाला बी भेट आलं, अशी गोष्ट सांगतात. राजा आला की गोष्टीला वजन येतं. मी ती गोष्ट म्हणूनच ऐकतो.

वेल मात्र राजेशाही खरा. वाढतच राहतो, काठ्या रोवून दोऱ्यांनी बांधावा लागतो. फळं एकदम पिकत नाहीत, साल पातळ, म्हणून उन्हाळाभर पुन्हा पुन्हा हाताने तोडणी. यंत्राला असलं लाडावलेलं पीक परवडत नाही. त्यात विषाणूरोग आले. कारखान्यांना टणक, एकदम पिकणारे संकरित वाण मिळाले आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हा वाण जवळजवळ संपला होता. जपलेल्या बियाण्यातून तो परत उभा केला. १९९६ मध्ये युरोपीय संघाने त्याचं नाव त्या भूभागाशी बांधून दिलं. तरी 'सान मार्झानो' हे शब्द जगभर कुठल्याही डब्यावर दिसतात. आपल्याकडे प्रत्येक पेटीतला आंबा देवगडचाच असतो, तसं.

माझा वेल सहा फूट गेला. आधी लागलेल्या फळांचे बुडखे काळे पडले. कीड समजून मी फवारे मारत बसलो. ती कीड नव्हतीच. कधी पाणी विसरायचं, कधी ओतायचं, त्यामुळे फळाला कॅल्शियम पोचत नाही. लांबट जातींना हा त्रास जास्त. म्हणजे दुखणं माझं आणि डाग त्याच्या अंगावर.

दक्षिण इटलीत ऑगस्टमध्ये घरंच्या घरं टोमॅटोचा गर गाळून बाटल्यांत भरतात. बाटलीत तुळशीच्या जातीचं एक पान टाकायचं, मग मोठ्या पिंपात बाटल्या फुटू नयेत म्हणून मध्ये चिंध्या घालून उकळायच्या. वर्षाची बेगमी. हे आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा मऊ झाला. पापड-कुरडयांचं वाळवण घातलेल्या बाईला चिंध्यांचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटी अकरा फळं हाती आली. साल काढली, ऑलिव्ह तेलात लसूण, मीठ, बस्स. वीस मिनिटांत वाटीभर लाल, दाट सॉस. आईने भाकरीचा तुकडा त्यात बुडवला, चावला, थोडा वेळ काहीच बोलली नाही.

"चटणी बरी आहे," म्हणाली. "गूळ विसरलास."

मी दोन फळांच्या बिया वर्तमानपत्रावर वाळत घातल्या आहेत. पंखा लावू नका म्हणून सगळ्यांना सांगितलंय.