मोदेराताचा दुसरा दिवस

मोदेराता फोन्ते हे नाव परवापरवापर्यंत मला माहीतही नव्हतं. खरं नाव मोदेस्ता पोत्सो, व्हेनिसची, जन्म १५५५चा, वर्षाची असतानाच आईबाप गेले. भाऊ शाळेत जायचा, ही नाही, मग तो घरी आला रे आला की ही त्याला गाठायची, आज काय शिकवलं ते मला सांग, आणि असं करत करत पोरगी लॅटिन शिकली. उष्टी विद्या म्हणा हवं तर.

तिचं पुस्तक 'इल मेरितो देल्ले दॉन्ने', म्हणजे बायकांची योग्यता. सात बायका, एक बाग, दोन दिवस गप्पा, पुरुष एकही नाही. बाग लेओनोराची, ती तरुण विधवा, पुन्हा लग्नाचा विषय निघाला तर म्हणते परत नवऱ्याच्या हाताखाली जाण्यापेक्षा पाण्यात बुडून मरेन. अगं बाई! मग हुंडा. पैसे बाईच्या घरचे, आणि ते मोजून आणायचं काय तर स्वतःवर एक मालक. (तेव्हा व्हेनिसच्या बड्या घरांत हुंडे इतके फुगले होते की एकीचं लग्न करायचं आणि बाकीच्यांना मठात धाडायचं हे सर्रास चालायचं.) आपल्या ताराबाई शिंदेंनी १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहिली ती सरळ अंगावर जाऊन, ही बाई मात्र सगळं गप्पांत घालते आणि पुरुषांची बाजू घ्यायलासुद्धा बायकाच बसवते.

पहिला दिवस मी एका दमात वाचला. दुसऱ्या दिवशी अडकले. पक्षी, मासे, नद्या, औषधी वनस्पती, कोर्टकचेऱ्या, चित्रकला, नुसती यादीवर यादी, लेओनोरासुद्धा वैतागते की अगं आपला विषय काय नि तुम्ही बोलताय काय. मी पण पानं उलटायला लागले, खोटं कशाला बोलू. मग मध्येच एकजण म्हणते की ही औषधं वगैरे आपल्याला माहीत असलेली बरी, पुरुषांवर अवलंबून राहायला नको, आणि तिथे मला तो शाळेतून येणारा भाऊ आठवला. म्हणजे दारात उभं राहून गोळा केलेलं सगळं ही इथे ओततेय! बायका हुशार असतात हे पहिल्या दिवशी नुसतं म्हणून झालं, दुसऱ्या दिवशी करून दाखवलं.

पुस्तक छापून आलं १६०० मध्ये, ती गेल्यानंतर आठ वर्षांनी. आदल्याच वर्षी जुझेप्पे पास्सी नावाच्या गृहस्थांनी बायकांच्या दोषांवर अख्खं पुस्तक काढलं होतं, त्यामुळे हिचंही बाड बाहेर निघालं असावं असं अभ्यासक म्हणतात. सोबत तिच्या नात्यातल्या दोल्योनींनी लिहिलेलं छोटं चरित्र आहे. ते सांगतात की घरकामातून वेळ काढून ती भराभर लिहायची आणि हे पुस्तक तिनं पुरं केलं ते मरायच्या आदल्या दिवशी. चौथं बाळंतपण, वय ३७.

म्हणजे ज्या यादीला मी कंटाळले ती भरल्या दिवसांत लिहिलेली असणार. परत पहिल्या माशापासून वाचायला घेतलंय.