दोनच जिनसांचा शॉट

भाऊजी कॅनडाहून येताना मेपल सिरपची, म्हणजे मेपलच्या झाडाच्या रसाच्या पाकाची, चपटी बाटली घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, हे व्हिस्कीत घालून शॉट करून बघा. दोनच तर जिनसा आहेत, चुकायला काही जागाच नाही." असं कुणी म्हटलं की माझ्या हातून हटकून चुकतं.

तसंच झालं. सिरपची बाटली फ्रीजमध्ये होती. व्हिस्की मी हौसेने दोन तास फ्रीझरमध्ये ठेवली होती. छोट्या ग्लासात आधी व्हिस्की ओतली, वरून सिरपची धार सोडली. ती धार सरळ तळाला गेली आणि तिथेच बसली. चमचा फिरवला तर निम्मं सिरप चमच्यालाच चिकटून वर आलं. भाऊजींनी मान मागे टाकून एका दमात ग्लास रिकामा केला. म्हणजे आधी नुसता जाळ आणि सगळ्यात शेवटी घशात गोड गोळा. "छान झालंय," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.

ते गेल्यावर मी शांतपणे विचार केला. मेपल सिरप पाण्याच्या सव्वापटीहूनही जड असतं आणि व्हिस्की पाण्याहून हलकी. जड वस्तू तळाला जाणारच. त्यात साखर विरघळते ती पाण्यात, निव्वळ अल्कोहोल तिला जवळजवळ थाराच देत नाही. व्हिस्कीत पाणी असतं म्हणून निभावतं, पण गार सिरप आणि गार व्हिस्की एकत्र आली की ते पाणीही आळशी होतं. मी नेमकं दोन्ही गार करून ठेवलं होतं!

तेव्हापासून क्रम उलटा केला आहे. आधी सिरप, मग त्यात थोडं कोमट पाणी, ते सैल झालं की साध्या तापमानाची व्हिस्की आणि सगळ्यात शेवटी बर्फ. एवढ्याने निम्म्याहून जास्त काम होतं.

मापाचं म्हणाल तर माझ्याकडे बारवाल्यांचं ते दोन तोंडांचं माप नाही. खोकल्याच्या औषधासोबत प्लॅस्टिकचं छोटं कपासारखं झाकण येतं ना, २.५, ५, १० अशा रेघा असलेलं, ते मी धुऊन ठेवलंय. त्याच्याइतकं प्रामाणिक माप दुसरं नाही. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत १० मिली सिरप आणि ५ मिली कोमट पाणी घालून बरणी नुसती गोल फिरवायची. सिरपच्या तारा दिसेनाशा झाल्या की ४५ मिली व्हिस्की. लिंबाचे पाच-सहा थेंब आणि मिठाचे अगदी दोन-चार कण. मीठ चवीला कळता कामा नये, ते फक्त गोडाचा चिकटपणा मोडतं. मग बर्फाचे चार खडे टाकून झाकण लावायचं आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवायचं. बरणीला हात लावून ठेववेना इतकी ती गार झाली की थांबायचं आणि गाळून ओतायचं.

बर्फाचं पाणी धरून हे साधारण ७५ मिली भरतं, म्हणजे एका शॉटच्या ग्लासात मावत नाही. मी दोन ग्लासांत वाटते. भाऊजींना हा कंजूषपणा वाटतो. पण हिशेब बघा: ४०% च्या ४५ मिली व्हिस्कीत १८ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. बर्फ-पाणी-सिरप मिळून ते २४% वर उतरतं आणि गोडामुळे जिभेला तेवढंही जाणवत नाही. जाळ जातो, अल्कोहोल मात्र थेंबभरही कमी झालेलं नसतं. एकदा मी हेच मिश्रण मोठ्या जगमध्ये करून, सिरप दुप्पट घालून, टेबलावर ठेवून दिलं होतं. सगळे सरबतासारखे पीत होते. त्या रात्री दोघंजण सोफ्यावर आणि एकजण गालिच्यावर झोपला. जग परत टेबलावर आला नाही.

आता सिरपबद्दल. पहिली बाटली संपल्यावर मी 'मेपल' असं ठळक लिहिलेली दुसरीच एक बाटली घेतली. आमच्या घरी नवरा पीत नाही, पण वास घेण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाला, "यात मेथी का घातलीस?" मी हसले. मग लेबल पाहिलं तर मक्याचं सिरप, रंग आणि कृत्रिम स्वाद. मेपलचा पत्ताच नाही. मेथी घातली नव्हती, पण नाक त्याचं खोटं बोलत नव्हतं. मेथीदाण्याच्या वासाला कारणीभूत असलेलं सोटोलॉन नावाचं संयुग मेपलसारखा वास देतं आणि नकली मेपलच्या स्वादासाठी मेथीचा अर्क वापरला जातो. खऱ्या सिरपच्या बाटलीवर घटकांच्या जागी एकच गोष्ट असते: मेपल सिरप. याहून मोठी यादी दिसली की बाटली परत ठेवायची.

खरं सिरप म्हणजे झाडाचा आटवलेला रस, बाकी काही नाही. हिवाळा सरताना रात्री गोठवणाऱ्या आणि दिवस शून्याच्या वर जाणारे असले की शुगर मेपलच्या खोडात दाब तयार होतो आणि भोक पाडलं की रस ठिबकू लागतो. तो जवळजवळ पाण्यासारखाच असतो, साखर जेमतेम २%. ४० लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप. माझ्या त्या औषधाच्या झाकणातल्या १० मिलीमागे ४०० मिली रस आटलेला असतो. हे कळल्यापासून मी झाकणसुद्धा व्हिस्कीने विसळून घेते. युरोपातून लोक उत्तर अमेरिकेत पोहोचण्याच्या आधीपासून तिथले मूळ रहिवासी हा रस आटवत आलेत.

जगातलं बहुतेक सिरप कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातून येतं आणि तिथे ते पिंपांत भरून राखीव साठा म्हणून ठेवतात. २०११-१२ मध्ये त्या साठ्यातून जवळपास ३ हजार टन सिरप चोरीला गेलं. चोर पिंपं रिकामी करून काहींत पाणी भरून ठेवत होते. तपासणीला आलेला माणूस रचलेल्या पिंपांवर चढला, एक पिंप हलकं लागून डगमगलं आणि तेव्हा बिंग फुटलं. भाऊजींना हा किस्सा सांगितला तर त्यांचा पहिला प्रश्न: "पण एवढं सिरप लपवलं कुठे?"

बाटलीवर रंगाची प्रत लिहिलेली असते: सोनेरी, अंबर, गडद, अतिगडद. शॉटसाठी गडदच घ्यावं. हंगामाच्या शेवटी रसातले सूक्ष्मजीव साखर फोडतात, ती फुटलेली साखर आटवताना जास्त करपते आणि सिरप काळपट, दमदार होतं. सोनेरी सिरप नुसतं चमच्याने चाटायला सुंदर असतं, पण व्हिस्कीपुढे ते तोंडच उघडत नाही. फक्त गोडी उरते, आणि नुसती गोडीच हवी असेल तर साखर काय वाईट?

व्हिस्की कोणती, यावर आमच्याकडे अजून भांडण आहे. भाऊजी बर्बनवाले, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीवाले. बर्बनला किमान ५१% मका आणि आतून जाळलेली नवी ओकची पिंपं लागतात, त्यामुळे तिच्यात व्हॅनिला आणि करपलेल्या साखरेची चव आधीच असते. वर मेपल घातलं की गोडावर गोड. मला राय हवी. राय या धान्याचा तिखटपणा सिरपला सरळ भिडतो. मात्र लेबल नीट वाचावं: अमेरिकेत 'राय' म्हणवून घ्यायला ५१% राय लागते, कॅनडात तसं किमान बंधन नाही, तिथे ते नुसतं वळणाने आलेलं नाव असू शकतं. धुरकट स्कॉचवरही मी एकदा हा प्रयोग केला. दोन घोट अप्रतिम लागले, तिसऱ्याला शेकोटीशेजारी बसून औषध घेतल्यासारखं वाटलं.

आणि हो, उघडलेली बाटली फ्रीजमध्येच ठेवायची, बाहेर राहिली तर वर बुरशी धरते. फक्त शॉट करायच्या अर्धा तास आधी बाहेर काढायची. माझ्यासारखी हौस करून उलटं करायचं नाही.

सगळ्यात चांगला शॉट मात्र मापाशिवायच झाला. बाटली संपत आली की दोनेक चमचे सिरप काचेला आतून चिकटून बसतं, उलटी ठेवली तरी निघत नाही. मी त्यातच अंदाजे ९० मिली राय ओतली, झाकण लावून हलवली आणि दोन दिवस तशीच ठेवली. सिरप काचेवरून सुटून पूर्ण मुरलं, रंग जुन्या लाकडासारखा झाला. फक्त बाटली तीच, लेबलही तेच. नवऱ्याने सकाळी घाईत ती नाश्त्याच्या टेबलावर आणून ठेवली, तेव्हापासून तिच्यावर काळ्या मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: हे सिरप नाही.