मोठ्या वयात दातांना तारा: माझा अनुभव

माझे खालचे पुढचे दात पहिल्यापासून एकमेकांवर चढलेले. वरचा डावा सुळा तर रांग सोडून बाहेर आलेला. फोटोत ओठ मिटून हसायची सवय लागली होती, आणि या वयात आता काय करायचं, असं म्हणून तो विषय मी कधीच सोडून दिला होता. पुन्हा तो निघाला हिरड्यांमुळे. दात साफ करून घ्यायला गेले की डॉक्टर दर वेळी खालच्या त्याच जागी अडायच्या. चढलेल्या दातांच्या मधल्या खाचेत ब्रशचे केस पोचत नाहीत, तिथे किटण साचतं, हिरडी सुजते, रक्त येतं. एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही ब्रश नीट करताय, जागाच तशी आहे. एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, दाखवून या."

मी दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या ठिकाणी एक्स-रे न काढताच पारदर्शक अलायनरची, म्हणजे दातांवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या साच्यांची, जाहिरात हातात ठेवली आणि काही महिन्यांत सगळं सरळ करून देतो म्हणाले. अलायनर वाईट असतात असं मुळीच नाही, योग्य केसमध्ये ते उत्तम काम करतात. पण हाड न बघता दात हलवायची भाषा मला पटली नाही. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत तारेचा विषयही काढला नाही. त्यांनी बारीक खुणांची एक सळई घेऊन प्रत्येक दाताभोवती हिरडी किती खोल सुटली आहे ते मोजलं आणि आधी हिरड्यांचे उपचार पूर्ण करून यायला सांगितलं. वयाची अडचण नसते, पण हिरड्या आणि हाड निरोगी असायलाच हवं, सुजलेल्या हिरडीत दात ओढला तर हाड कायमचं झिजतं, असं त्यांनी समजावलं. तिथेच माझा निर्णय झाला.

मग मापं झाली. सगळ्या दातांचा एक्स-रे आणि दुसरा डोक्याचा बाजूने. दुसऱ्याला कानांत दोन दांडे अडकवून डोकं स्थिर ठेवतात, कारण त्यावरून जबड्यांचे कोन मोजायचे असतात. ओठ ताणून धरून फोटो काढले. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सगळं स्क्रीनवर मांडलं आणि चार दात काढावे लागतील असं सांगितलं. सुळ्यामागच्या उपदाढा, वर दोन आणि खाली दोन. मी हबकलेच. धडधाकट दात काढायचे?

यावर आम्ही बराच वेळ बोललो. गर्दी थोडी असेल तर दातांच्या कडा मिलिमीटरच्या अंशाने घासून किंवा दातांची कमान जराशी रुंद करून भागतं. माझ्या जबड्यात दातांना लागणारी जागा आणि असलेली जागा यांत फारच तफावत होती. दात न काढता सगळे रांगेत बसवले असते तर पुढचे दात बाहेर ढकलले गेले असते, हाडाच्या पातळ कडेवर आले असते आणि ओठही पुढे आले असते. प्रत्येकाला दात काढावे लागतात असं नाही, आणि कोणाचेच काढू नयेत असंही नाही. आपल्याच एक्स-रेवर बोट ठेवून कारण सांगणारा डॉक्टर भेटला की हा निर्णय सोपा होतो.

तारा बसवायच्या आधी शेवटच्या दाढांच्या मध्ये रबराच्या छोट्या निळ्या रिंगा घातल्या. दाढेभोवती धातूची पट्टी बसायला जागा व्हावी म्हणून त्या असतात. या रिंगांबद्दल मला आधी कोणी बोललं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिते: दाढांमध्ये काहीतरी घट्ट अडकलंय आणि काढता येत नाही, अशी ठसठस काही दिवस राहते. ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारे छोटे तुकडे, दातांवर चिकटवणं मात्र अजिबात दुखत नाही. गाल बाजूला धरणारी प्लॅस्टिकची फ्रेम तोंडात बसवतात, दातावर निळं जेल लावतात. ते फॉस्फोरिक ॲसिड असतं, धुताना जिभेला आंबट लागतं. दात वाळवला की तेवढाच भाग खडूसारखा पांढुरका दिसतो. त्यावर ब्रॅकेट ठेवून निळ्या प्रकाशाने पक्का करायचा, आणि मग पुढचा दात. शेवटी सगळ्या खाचांतून एक केसासारखी बारीक तार ओवली.

ती तार निकेल-टायटॅनियमची. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतून आला आणि १९७० च्या दशकात ऑर्थोडॉन्टिस्ट जॉर्ज आंद्रेआसन यांनी तो दातांच्या उपचारात आणला. तो बराच वाकवला तरी मूळ आकाराकडे परत येऊ बघतो. माझ्या वेड्यावाकड्या दातांमधून नागमोडी गेलेली तार हळूहळू कमान व्हायला बघत होती आणि सोबत दातांना ओढत होती.

दुखणं लगेच सुरू झालं नाही. काही तासांनी दात जड वाटायला लागले, दुसऱ्या दिवशी चावणं अशक्य झालं आणि आठवडाभरात सगळं निवळलं. गालाला आणि ओठाला आतून फोड आले. ब्रॅकेट कोरडा करून त्यावर मेणाची गोळी दाबली की घासणं थांबतं. पुढे गालाची आतली कातडीच सरावते. दात थोडे हलायला लागले तेव्हा माझा जीव घाबरा झाला होता, पण ते व्हायचंच असतं. दात हाडात थेट रुतलेला नसतो, मुळाभोवती पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तारेने दात एका बाजूला दाबला की त्या बाजूचं हाड पेशी विरघळवतात आणि मागच्या बाजूला नवं हाड घालतात. या वेगाने महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर अंतर कापलं जातं. उपदाढेची जागाच सातेक मिलिमीटरची, तेव्हा हिशेब लागतो. जास्त जोर लावला तर तिथला रक्तपुरवठा दबून काम उलट अडतं आणि मुळं आखूड होण्याची भीती असते. हे कळल्यावर "अजून जरा टाईट करा ना" हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा आलं नाही.

सगळ्यात जास्त मेहनत होती स्वच्छतेची. ब्रॅकेटभोवती प्लाक, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, बसून राहिला तर इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या कडक आवरणातून, खनिजं निघून जातात आणि खडूसारखे पांढरे डाग पडतात. महिनाभरातसुद्धा पडू शकतात, आणि तारा निघाल्या तरी ते सहसा पूर्ण जात नाहीत. दात सरळ आणि प्रत्येकावर चौकोनी डाग, असं मला नको होतं. खाल्लं की ब्रश, हा नियम केला. ब्रश हिरडीकडे तिरका धरून आधी ब्रॅकेटच्या वरून, मग खालून, आणि तारेखालून बाटलीच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश. फ्लोराइडची पेस्ट, आणि थुंकल्यावर चूळ न भरणं, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. अधूनमधून प्लाक रंगवणारी गोळी चघळून आरशात बघायचे. उजव्या सुळ्याच्या हिरडीलगत गुलाबी रंग हमखास उरायचा, मग तिथे पुन्हा ब्रश.

बारीक तारेनंतर जाड तार, मग चौकोनी स्टीलची, मग जागा बंद करणारी रबराची साखळी. मधल्या काळातलं फारसं सांगण्यासारखं नाही. एकदा ब्रॅकेट सुटला, एकदा मागच्या दाढेपाशी तारेचं टोक गालात टोचायला लागलं, दोन्ही वेळा फोन करून गेले आणि काम झालं. शेवटी आली रबरं: वरच्या सुळ्याच्या हुकापासून खालच्या दाढेपर्यंत, दोन्ही बाजूंना, दिवसरात्र. खायला आणि ब्रश करायला तेवढी काढायची, आणि रोज नवी घालायची कारण लाळेत त्यांचा ताण कमी होतो. हे काम डॉक्टर करू शकत नाहीत. घरी घातली नाहीत तर वरखालचे दात एकमेकांत नीट बसतच नाहीत. मी पाकीट कायम पर्समध्ये ठेवायचे.

तारा काढताना पक्कडीत ब्रॅकेट दबला की कट असा आवाज येतो, दुखत काही नाही. उरलेला गोंद घासून काढला आणि जीभ दातांवरून फिरवली तर सगळं गुळगुळीत. आरशात हसले, दात दाखवून. मला सगळ्यात आवडल्या त्या हिरड्या: फिकट गुलाबी, दाताला घट्ट चिकटलेल्या. हसू छान दिसतं यात त्यांचा वाटा दातांइतकाच असतो, असं मी आता कोणालाही सांगते.

त्याच दिवशी खालच्या सहा दातांच्या मागे, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, पातळ वळलेली तार कायमची चिकटवली आणि वरच्यासाठी दात जागेवर धरून ठेवणारा, काढता-घालता येणारा पारदर्शक रिटेनर दिला. दात जागेवर आले तरी हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेशी जुळायला वर्षभरही घेतात, तोवर ते दाताला मागे ओढतात. शिवाय कधीच तारा न लावलेल्यांचेही खालचे दात वयानुसार गर्दी करतात. म्हणून "किती दिवस घालायचा?" या प्रश्नाला डॉक्टरांचं उत्तर होतं, "जितके दिवस दात असेच हवेत, तितके दिवस." आधी दिवसभर घातला, आता फक्त रात्री. गरम पाण्यात धुवायचा नाही, आकार बिघडतो. पेस्टने घासायचा नाही, चरे पडतात. काढला की थेट डबीत, कागदात गुंडाळला की तो कचऱ्यात जातोच. मागच्या तारेखाली मात्र किटण लवकर साचतं, लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात. त्यासाठी टोक कडक असलेला फ्लॉस तारेखालून ओवते, आणि एखाद्या दाताचा गोंद सुटला नाही ना, हे नखाने चाचपून बघते. सुटलेलं लक्षात आलं नाही तर तो एकटा दात गुपचूप फिरतो.

वरच्या रिटेनरला आता मागच्या कडेला तडा गेला आहे. पुढच्या तपासणीला तो सोबत नेऊन नव्याचं माप द्यायचं आहे, आणि नवा हातात येईपर्यंत रात्री हाच घालायचा आहे.