‘साहित्यप्रकार’ या रकान्यात अडलेली कादंबरी : माझा अनुभव

माझी विनोदी फँटसी कादंबरी छापून आली याचा आनंद आहेच. परंतु एका प्रकाशन संस्थेच्या अर्जातील ‘साहित्यप्रकार’ या रकान्यापाशी ती ज्या रीतीने अडवून ठेवली गेली, त्याची चीड अजून ओसरलेली नाही. लेखन, पुनर्लेखन आणि मुद्रितशोधन ही कामे यथावकाश झाली.

कादंबरीत एक भांडकुदळ कुटुंब आहे आणि मृत्यूनंतरही घर न सोडलेली पणजी आहे. त्या दिवशी जो खोटे बोलला असेल त्याला ती दिसत नाही, एवढाच तिच्या अस्तित्वाचा नियम. वाटणीच्या बैठकीत थोरले काका रिकामी समजून एका खुर्चीवर बसतात, ते थेट पणजीच्या मांडीवर; आणि धाकटी नात किंचाळते तेव्हा काकांनी कागदपत्रांविषयी थापा मारल्या आहेत हे साऱ्या घराला कळते. हा प्रसंग मला आजही मनापासून आवडतो.

अर्जात मात्र भयकथा, विनोदी आणि कौटुंबिक यांपैकी एकाच पर्यायावर खूण करायची होती. मी ‘विनोदी’वर खूण केली, तेव्हा भूत कशासाठी, अशी विचारणा झाली. भयकथा म्हणून पाठवा, असे त्यांनीच सुचवले आणि त्याप्रमाणे पाठवल्यावर, वाचताना भीती वाटत नाही, असा शेरा आला. मग पणजीला जिवंत दाखवून निखळ कौटुंबिक कादंबरी करता येईल का, असे पत्र आले. प्रत्येक उत्तरासाठी नव्याने ताटकळावे लागे आणि दर वेळी हस्तलिखित नव्या वाचकाकडे जाई. विनोदी फँटसीत अद्भुताचे नियम काटेकोर असतील आणि घरातली माणसे त्यांना गांभीर्याने घेत असतील, तरच हसू येते; त्यामुळे तिन्हींपैकी एक काढून घेतले तर उरलेली दोनही कोसळतात, हे मी परोपरीने लिहून कळवले. त्याचा उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो ‘थीमा’ या पुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय विषयवर्गीकरणाचा. 2013 मध्ये आलेल्या या पद्धतीत विनोदी फँटसीला ‘एफएमके’ हा स्वतंत्र संकेत आहे, आणि मुख्य संकेताच्या जोडीला इतर संकेतही देता येतात. कौटुंबिक कथात्म साहित्याचा ‘एफएस’ मी असाच जोडला. पत्राच्या पहिल्याच ओळीत हे दोन्ही संकेत लिहिले, आणि पुढचे पत्र थेट मुखपृष्ठाविषयी आले! माझा प्रकार अस्तित्वात आहे हे छापील यादीने सिद्ध झाले, याचे मला अपार समाधान वाटले. असे लिहिणाऱ्यांनी अर्ज भरण्यापूर्वीच ती यादी पाहावी.

प्रकाशकाला पाठवायच्या सारांशात शेवट लपवू नये. ‘कादंबरी खुमासदार आहे’ असे लिहिण्याऐवजी खुर्चीसारखा एखादा प्रसंग पुरता द्यावा. भुताला काय जमते आणि काय जमत नाही याचे टिपण लेखन चालू असतानाच ठेवावे, कारण संपादक नेमके तेच विचारतात.

आणखी एक गोष्ट आठवली. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचे आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लागतात. 2007 पासून हा क्रमांक 13 अंकी आहे. प्रत्येक आवृत्तीची नोंद स्वतंत्रपणे भरली जात असल्याने विषयसंकेतही दोन्हीकडे तपासावा लागतो. मी ई-पुस्तकाची नोंद मागवून घेतली, तर तिथे पुन्हा ‘भयकथा’च लिहिलेले होते, ते बदलल्यावरच मी संमतीपत्रावर सही केली.